घरचा मक्तब आणि कविता : एक मागोवा

घरचा अभ्यास म्हटले की आजच्या पालकाच्या डोळ्यांपुढे वही, गाईड आणि शिकवणीची फी येते. शाळेने दिलेले काम घरी पुरे करायचे, एवढाच त्या शब्दाचा अर्थ आता उरला आहे. परंतु भारतीय मुसलमानांच्या इतिहासात घर हे शाळेला जोडलेले शेपूट नव्हते. फार मोठा काळ घर हीच शाळा होती, आणि त्या शाळेत कविता हा एक विषय नव्हता. ती सगळे विषय शिकवण्याची रीत होती. भाषा, शब्दसंग्रह, नीती, धर्माची तोंडओळख, इतकेच काय हिशेबसुद्धा मुलाच्या हाती लयीत आणि यमकात बांधून दिला जाई. ही रीत कशी चालली, कोणाला तिचा लाभ झाला, कोणाला तिने दाराबाहेर ठेवले आणि ती आपल्या घरांतून कशी निघून गेली, याचा शोध घेणे आम्हाला अगत्याचे वाटते. कारण आज पाचवी ते आठवीच्या वर्गात मागे पडणाऱ्या आमच्या मुलामुलींचा प्रश्न या इतिहासाशी थेट जोडलेला आहे.

बिस्मिल्लाखानीचा रिवाज आपल्याला परिचित आहे. चार वर्षे, चार महिने आणि चार दिवसांचे झाल्यावर मुलाला पहिला धडा द्यायचा. मग बगदादी कायदा, अम्म पारा, पूर्ण कुरआनचे वाचन. हे झाले म्हणजे मूल आठ-दहा वर्षांचे होई आणि खानदानी घरांतून फारसीचा अभ्यास सुरू होई. आज आपण ज्याला माध्यमिकपूर्व वय म्हणतो ते हेच. या वयाच्या मुलाला तेव्हा व्याकरणाचे जाड पुस्तक देत नसत. ‘आमदनामा’ या छोट्या पुस्तकातून क्रियापदांची रूपे म्हणून घेत, आणि सोबत ‘करीमा’ व ‘खालिकबारी’ पाठ करून घेत. ‘करीमा’ सादींच्या नावावर चालत आलेले नीतीपर काव्य आहे. त्यानंतर सादींचेच ‘गुलिस्ताँ’ आणि ‘बोस्ताँ’. ‘बोस्ताँ’ १२५७ मधले आणि ‘गुलिस्ताँ’ १२५८ मधले. सहाशे वर्षांहून अधिक काळ ही दोन पुस्तके हिंदुस्थानातल्या मुलांच्या हातांत राहिली.

यांतील ‘खालिकबारी’ शिक्षकाच्या नजरेने पाहण्यासारखी आहे. हा पद्यात रचलेला शब्दकोश आहे. अरबी, फारसी आणि हिंदवी या तीन भाषांतले समान अर्थाचे शब्द एकाच चरणात शेजारी-शेजारी बसवलेले. परंपरेने तो अमीर खुसरोंचा मानला जातो. विसाव्या शतकात हाफिज महमूद शेरानी यांनी तो नंतरच्या काळातील दुसऱ्या एका खुसरोचा असल्याचे मत मांडले. कर्ता कोणीही असो, अशा पद्यकोशांची, म्हणजे ‘निसाबां’ची, मोठी परंपरा पुढे चालली. खुद्द मिर्झा गालिब यांनी १८५० च्या दशकात ‘कादिरनामा’ नावाचे असेच छोटे पुस्तक लिहिले. अकाली वारलेल्या आरिफ या आप्ताची दोन मुले गालिब आपल्या घरी सांभाळत होते, त्यांच्यासाठी ते लिहिले गेले असे सांगितले जाते. उर्दूचा सर्वांत अवघड समजला जाणारा शायर घरातल्या मुलांसाठी शब्दार्थांची यमके जुळवत बसला, यावरून ही रीत किती रुजलेली होती ते कळते.

ही केवळ मुसलमानांची रीत होती असेही नाही. पाठशाळेतला विद्यार्थी ‘अमरकोश’ श्लोकांतच पाठ करी. छत्रपती शिवाजी महाराजांच्या काळात रघुनाथ पंडितांनी ‘राजव्यवहारकोश’ रचला तोही श्लोकबद्धच. त्यात दरबारी फारसी शब्दांना संस्कृत प्रतिशब्द दिलेले आहेत. ‘खालिकबारी’ आणि ‘राजव्यवहारकोश’ यांचे हेतू वेगळे होते, पण एका भाषेचा शब्द दुसऱ्या भाषेच्या शब्दाशेजारी पद्यात बसवला की तो विसरत नाही, हे दोघांनाही ठाऊक होते.

गणिताचेही तसेच. भास्कराचार्यांची ‘लीलावती’ ११५० च्या सुमाराची. अंकगणिताचे हे पुस्तक पद्यात आहे. चाळीसगावजवळ पाटण येथे १२०७ चा शिलालेख आहे. भास्कराचार्यांच्या नातवाने, चांगदेवाने, त्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी मठ स्थापल्याचे त्यात नोंदले आहे. अकबराच्या सांगण्यावरून फैजी यांनी १५८७ मध्ये ‘लीलावती’ फारसीत आणली. लीलावती ही भास्कराचार्यांची मुलगी, घटिकापात्रात मोती पडला, लग्नाचा मुहूर्त टळला आणि बापाने तिच्या नावाने पुस्तक लिहिले, ही सर्वांना ठाऊक असलेली कथा आपल्यापर्यंत फैजींच्या याच फारसी अनुवादातून आली आहे. कथा खरी असो वा नसो, बापाने मुलीला घरी पद्यातून गणित शिकवल्याची ही कल्पना खानदेशातल्या एका पंडिताची आणि अकबराच्या दरबारातल्या एका शायराची सामाईक ठेव आहे. सामान्य घरांत तीच गोष्ट पाढ्यांच्या रूपाने होती. पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दीडकी, अडीचकी, औटकी हे सगळे सुरात म्हटले जाई. बाजारात पावणेदोन शेरांचा भाव सांगायला कागद लागत नसे.

या साऱ्यात पाठांतराचा अतिरेक होता, हे आम्ही मान्य करतो. अर्थ न कळता ओळी म्हणणारी मुलेही त्यातून पुष्कळ निघाली. तरीही एक गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे. गद्याचा धडा तपासायचा तर तपासणाऱ्याला वाचता यावे लागते. पद्याचा धडा तपासायला कान पुरतो. शब्द गळाला की वजन मोडते, यमक चुकले की ते लगेच खटकते. म्हणून ज्या आईला, आजीला किंवा नानीला एक अक्षर वाचता येत नव्हते तीही मुलाचा धडा ऐकू शकत होती आणि “पुन्हा म्हण” असे सांगू शकत होती. मुलाच्या शिक्षणावर घराची पकड होती ती या कानामुळे.

याचे नोंदलेले उदाहरण सर सय्यद अहमद खान यांचे आहे. १८१७ मध्ये दिल्लीत जन्मलेल्या सर सय्यदांनी आपले आजोबा ख्वाजा फरीदुद्दीन यांचे चरित्र ‘सीरत-ए-फरीदिया’ या नावाने लिहिले, त्यात आईच्या आठवणी आहेत. त्यांच्या आई अजीजुन्निसा बेगम त्यांचा ‘गुलिस्ताँ’चा धडा ऐकत. जवळ दोऱ्या गुंफून केलेला एक चाबूक असे, पण त्याने मार कधी बसला नाही, असे ते सांगतात. रात्री आजोबा नातवंडांच्या धड्यांची विचारपूस करीत. अलीगढचे कॉलेज उभारणाऱ्या माणसाचा पाया असा आईच्या समोर बसून घातला गेला.

असे शिक्षण किती पसरलेले होते याचा अंदाज विल्यम अॅडम यांच्या बंगालमधील पाहणीवरून येतो. १८३६ च्या दुसऱ्या अहवालात त्यांनी राजशाही जिल्ह्यातील नाटोर ठाण्याची घरोघर मोजणी दिली आहे. प्राथमिक शाळांत जाणाऱ्या मुलांच्या जवळजवळ नऊ पट मुले घरी शिकत होती, असे त्यांना आढळले. शाळांची संख्या पाहून ‘येथे शिक्षण नाही’ म्हणणारे साहेब या घरांच्या आत डोकावलेच नव्हते.

दख्खनमध्ये घरच्या कवितेने आणखी एक वाट धरली. सतराव्या शतकात विजापूरच्या चिश्ती सूफींच्या परंपरेत ‘चक्कीनामा’, ‘चरखानामा’, ‘लोरीनामा’ अशी दखनी काव्ये रचली गेली. जात्यावर दळणाऱ्या, सूत कातणाऱ्या, पाळणा हलवणाऱ्या बायकांनी ती म्हणायची. जात्याच्या खुंट्याला अल्लाहच्या नावातला अलिफ मानून दळता-दळता तौहीदचा धडा द्यावा, अशी ती योजना. मराठी मुलखात जात्यावरच्या ओव्या होत्याच. हिंदू आणि मुसलमान बायका एकाच वेळी, पहाटे, एकाच प्रकारच्या दगडाशी बसून गात होत्या. शिकवणाऱ्याने शिकणारीच्या हातातले काम थांबवले नाही, धडाच त्या कामाच्या लयीत बसवला. शिक्षणशास्त्राच्या वर्गात आम्हाला ‘अनुभवातून अध्ययन’ असे मोठे नाव देऊन जे शिकवले गेले, ते विजापूरच्या खानकाहांना चारशे वर्षांपूर्वी उमगले होते.

परंतु येथवर सांगितलेले सगळे ऐकून कोणी त्या काळाची आरती करू लागला तर त्याला आम्ही थांबवू. घरच्या या शाळेत मुलीला ऐकू दिले, म्हणू दिले, कुठे-कुठे वाचूही दिले, पण लेखणी मात्र दिली नाही. मुलगी लिहू लागली तर चिठ्ठ्या लिहील, अशी भीती घातली गेली. या बंदीची सर्वांत बोलकी साक्ष अशरफुन्निसा बेगम, म्हणजेच बीबी अशरफ, यांची आहे. बिजनौर जिल्ह्यातील एका सय्यद घराण्यात १८४० साली त्यांचा जन्म झाला. लहानपणी कुरआन शिकवायला उस्तानी येत असे. तिचे दुसरे लग्न झाले, येणे थांबले आणि वडीलधाऱ्यांनी पुन्हा दुसरी उस्तानी नेमू दिली नाही. मुलीला उर्दू वाचायची ओढ होती. तिने मुहर्रमच्या मजलिसीत म्हटल्या जाणाऱ्या शोककाव्यांचे कागद मिळवले आणि तव्याची काजळी खरवडून, ती पाण्यात कालवून, त्या शाईने अक्षरांची नक्कल सुरू केली, तीही घरच्यांच्या नजरेआड. आपण काय उतरवतो आहोत ते तिला वाचता येत नव्हते. पुढे घरातल्या एका मुलाची थोडी मदत झाली, बाकीचे तिने स्वतःच उलगडले. ती लिहू लागली आहे हे कळल्यावर घरात संताप झाला.

येथेही पहिले पुस्तक कविताच होती, हे विसरू नये. कानांनी ओळखीची असलेली कविता समोरच्या काळ्या अक्षरांची किल्ली झाली असेल, असे आम्हाला वाटते. विवाहानंतर बीबी अशरफ लाहोरला गेल्या, वैधव्य आल्यावर तेथील व्हिक्टोरिया गर्ल्स स्कूलमध्ये शिक्षिका झाल्या. मुहम्मदी बेगम यांच्या ‘तहजीब-ए-निस्वाँ’ या साप्ताहिकात त्यांची ही हकीकत त्यांच्याच लेखणीने छापून आली. १९०३ मध्ये त्या वारल्या. ज्या हाताला घराने दौत दिली नाही तो हात शेवटी शेकडो मुलींच्या पाट्या तपासत होता.

एकोणिसाव्या शतकात परिस्थिती पालटू लागली. १८३७ मध्ये कचेऱ्यांतून फारसी गेली. फारसी शिकून नोकरी मिळेना, तेव्हा घरोघरचे फारसीचे धडे ओसरू लागले. दुसरीकडे शिळाछाप छापखाने निघाले. १८५८ मध्ये लखनौला सुरू झालेल्या नवलकिशोर छापखान्यासारख्या छापखान्यांनी पुस्तके स्वस्त केली. आता घरात पुस्तक येऊ शकत होते, फक्त ते कोणते असावे हा वाद सुरू झाला. शाळा तपासणीच्या खात्यात काम करणारे डेप्युटी नजीर अहमद यांना आपल्या मुलींच्या हाती देण्याजोगे पुस्तक सापडेना, म्हणून ते स्वतःच लिहीत गेले आणि मुली वाचत गेल्या. त्यातून १८६९ मध्ये ‘मिरातुल उरूस’ ही कादंबरी आली. सरकारने तिला एक हजार रुपयांचे इनाम दिले. तिच्या पुढच्या भागात, ‘बनातुन्नाश’ (१८७२) मध्ये, असगरी आपल्या घरीच मुलींचा मक्तब चालवते आणि गप्पांतून हिशेब, भूगोल, विज्ञान शिकवते. मौलाना हाली यांचे ‘मजालिसुन्निसा’ (१८७४) हेही बायकांच्या संभाषणातून घरच्या शिक्षणाची आखणी सांगते.

याच सुमारास सुधारकांचा कवितेवरचा विश्वास उडाला. नजीर अहमद यांच्या ‘तौबतुन्नसूह’मध्ये बाप आपल्या शायर मुलाचा ग्रंथसंग्रह जाळून टाकतो. मौलाना अशरफ अली थानवी यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी ‘बहिश्ती जेवर’ लिहिले. त्यात अक्षरओळखीपासून पत्रलेखन, घरखर्चाचा हिशेब आणि टपालाच्या माहितीपर्यंत मुलीला घरी शिकवण्याचा सगळा पाठ्यक्रम आहे, पण गझलांची पुस्तके टाळण्याच्या यादीत आहेत. गंमत अशी की त्याच यादीत नजीर अहमद यांच्या कादंबऱ्याही जाऊन बसल्या! एकाने शायरी जाळली, दुसऱ्याने त्याचीच पुस्तके दाराबाहेर ठेवली. मुलीने काय वाचावे हे मुलीला कोणीच विचारले नाही.

१८७४ मध्ये लाहोरच्या अंजुमन-ए-पंजाबने विषय ठरवून देऊन नज्म वाचण्याचे मुशायरे भरवले. मुहम्मद हुसेन आझाद आणि हाली त्यात पुढे होते, पंजाबच्या शिक्षणखात्याचे प्रमुख कर्नल हॉलरॉइड यांचा त्याला पाठिंबा होता. पाऊस, देशप्रेम, न्याय अशा विषयांवरील सोपी कविता तेथून पाठ्यपुस्तकांत आली. मौलवी इस्माईल मेरठी (१८४४ ते १९१७) स्वतः शिक्षक होते. त्यांच्या उर्दू वाचनमालेतील गाय, पाऊस, हवा यांवरच्या कविता आजही आमच्या मुलांना आवडतात. हा लाभ लहान नाही. मात्र त्याच वळणावर कविता सर्व विषयांची वाहक राहिली नाही. भूगोलाच्या तासानंतर येणारा तिचा एक तास झाला, आणि तिच्याखाली ‘पुढील प्रश्नांची उत्तरे लिहा’ ही ओळ आली.

आपल्या महाराष्ट्रातही याच काळात घरांत लेखणी पोचत होती. मुंबईच्या तय्यबजी घराण्याने एकोणिसाव्या शतकात गुजरातीऐवजी उर्दू स्वीकारली. या घराण्याच्या घरांत ‘अखबार’ नावाच्या वह्या ठेवलेल्या असत. मुंबईत आणि अलिबागजवळच्या किहीमला मुक्कामी असताना पुरुष, बायका, मुले सगळे त्यांत रोजच्या हकीकती लिहीत. मोठ्यांच्या वहीत मुलीनेही लिहायचे, यापेक्षा चांगला निबंधाचा सराव कोणता? याच आप्तांच्या गोतावळ्यातल्या अतिया फैजी १९०६ मध्ये लंडनला शिकायला गेल्या, त्यांच्या तेथील रोजनिशीचे पुढे ‘जमाना-ए-तहसील’ हे पुस्तक झाले. पुण्यात सावित्रीबाई फुले यांनी १८५४ मध्ये ‘काव्यफुले’ छापले आणि कवितेतूनच शिकण्याची हाक दिली. शाळेच्या कामात फातिमा त्यांच्या सोबत होत्या, याची नोंद सावित्रीबाईंच्या १८५६ च्या पत्रात आहे. बंगालमध्ये १८८० मध्ये जन्मलेल्या रुकैया सखावत हुसेन यांना भाऊ इब्राहीम साबिर रात्री घर झोपल्यावर बांगला आणि इंग्रजी शिकवीत. त्या रुकैयांनी १९११ मध्ये कलकत्त्यात मुलींची शाळा चालू केली. घरात चोरून शिकलेल्या बायकांनी उघड्या शाळा काढल्या, हा या इतिहासाचा सर्वांत अभिमानाचा भाग आहे.

उलट बाजूही नोंदली पाहिजे. १८८२ च्या हंटर आयोगापुढे सर सय्यदांनी साक्ष दिली, तिचा आशय असा की पुरुष नीट शिकल्याशिवाय प्रतिष्ठित मुसलमान घराण्यांतील मुलींसाठी सरकारी शाळांचा उपयोग होणार नाही. आईसमोर बसून घडलेल्या माणसाने मुलींच्या शाळेला ‘नंतर’ म्हणावे, ही खंत राहतेच. त्या ‘नंतर’ची किंमत समाजाने किती पिढ्या मोजली, हे सच्चर समितीच्या २००६ च्या अहवालात दिसले. सहा ते चौदा वयोगटातील मुसलमान मुलांपैकी पंचवीस टक्के मुले एक तर कधी शाळेत गेली नव्हती किंवा शाळा सोडून बसली होती. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने आठवीपर्यंतचे शिक्षण हक्काचे केले. तेव्हा आता घर शाळेला पर्याय होऊ शकत नाही, आणि होऊही नये. मुलगी मोठी झाली, आता घरीच शिकेल, हे वाक्य आजही कानांवर येते. त्याचा अर्थ बहुतेक वेळा ‘आता शिकणार नाही’ असाच असतो.

मग या जुन्या मक्तबातून आज काय घ्यायचे? आम्ही उर्दू माध्यमात शिकवतो. कोकणात घरी कोकणी-मराठी बोलणारे मूल शाळेत उर्दू वाचते, मालेगाव-भिवंडीत घरी उर्दू बोलणाऱ्या मुलाला मराठीचा पेपर डोंगराएवढा वाटतो, आणि इंग्रजी सगळ्यांनाच अवघड जाते. ‘खालिकबारी’ पाठ करणाऱ्या मुलापुढेही तीन भाषा होत्या, पण त्या एका चरणात सख्ख्या बहिणींसारख्या बसल्या होत्या. आमच्या मुलापुढे त्या तीन वेगळ्या दप्तरांसारख्या येतात. २०२० मध्ये शाळा बंद झाल्या आणि घर पुन्हा शाळा झाले, तेव्हा मोबाइल आणि रिचार्ज नसलेल्या घरांत काहीच उरले नाही. ज्या घरांत पूर्वी निदान दहा-वीस कविता आणि पाढे तोंडपाठ होते, तेथे कानाची पुंजीही शिल्लक नव्हती.

ती पुंजी पुन्हा जमवता येते. पाचवी ते आठवीच्या मुलाने रोज एका कवितेच्या चार ओळी घरात मोठ्याने म्हणाव्यात, एक दिवस उर्दू, एक दिवस मराठी. आईला वाचता येत नसले तरी तिने ऐकावे, वजन मोडले की थांबवावे. मग त्याच ओळी मुलाने न पाहता वहीत उतरवाव्यात आणि पुस्तकाशी ताडून पाहाव्यात. वाचन, शुद्धलेखन आणि शब्दार्थ या तिन्हींचे काम त्यात होते. आमच्या शाळांतून बैतबाजी रंगते, ती घरी रात्री जेवणानंतर मराठी कवितांसह खेळता येईल. निमकी-दीडकीने आजही अपूर्णांक सोपे होतात. आणि उर्दू-मराठी जोडशब्दांची यमके रचणे हे आम्हा शिक्षकांचे काम आहे. गालिबने ते कमीपणाचे मानले नाही, तर आम्ही का मानावे?

एक अट मात्र सोडायची नाही. जुन्या घराने मुलीला कविता दिली आणि लेखणी नाकारली. आता दोन्ही एकत्र दिली पाहिजेत. मुलीने कविता म्हणावी, ती स्वतःच्या हाताने लिहावी, स्वतः निवडावी आणि सकाळी दप्तर उचलून शाळेतही जावे. बीबी अशरफ यांना शाईसाठी तवा खरवडावा लागला. आपल्या घरांत आज पाच रुपयांचे पेन आहे. ते मुलीच्या हातात आठवीनंतरही राहील, एवढे तरी आपण प्रत्येक घराने पाहिले पाहिजे.